पिस्तूल बाळगण्याचे परवाने: टेक्सासहून न्यू जर्सीला जाताना केलेली राज्याराज्यांची तुलना

पिंपळपार (धागाकर्ता)

पंधरा वर्षे डॅलसच्या आसपास काढल्यानंतर येत्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीला बिऱ्हाड हलवत आहोत. घरातल्या सामानात एक वस्तू अशी आहे की तिच्यापायी मला गेले दोन महिने निरनिराळ्या राज्यांचे कायदे वाचत बसावे लागले. नागरिकत्व मिळाल्यानंतर मी रीतसर विकत घेतलेले एक पिस्तूल आमच्या तिजोरीत आहे, आणि ते जवळ बाळगण्याचा टेक्सासचा परवानाही माझ्याकडे आहे. वाचताना जे हाती लागले ते येथे एकत्र मांडतो. मी वकील नाही. चूक दिसल्यास जाणकारांनी अवश्य दुरुस्त करावी. शस्त्रे असावीत की नसावीत या वादासाठी हा धागा नाही. कायदा काय आहे एवढ्यापुरताच तो ठेवावा, ही विनंती.

गाडी चालवण्याचा परवाना टेक्सासचा असला तरी तो मेनपासून कॅलिफोर्नियापर्यंत चालतो, तसाच पिस्तुलाचाही चालत असेल, असे मी कित्येक वर्षे धरून चाललो होतो. ते साफ चूक निघाले. एका राज्याने दुसऱ्या राज्याचा कॅरी परमिट मानावा असे बंधन घालणारा कोणताही फेडरल (म्हणजे केंद्रीय) कायदा नाही. कोणाचा परवाना मानायचा हे प्रत्येक राज्य आपले आपण ठरवते, आणि त्या याद्या मधूनमधून बदलत असतात. देशभर परस्परमान्यता लागू करणारे विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात २३१ विरुद्ध १९८ मतांनी मंजूर झाले होते, परंतु सिनेटमध्ये ते पुढे सरकलेच नाही. जानेवारी २०२५ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. माझे स्थलांतर त्याच्या भरवशावर ठेवण्यात अर्थ नाही.

राज्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटात कायद्याने शस्त्र बाळगण्यास पात्र असलेल्या प्रौढ व्यक्तीला पिस्तूल अंगावर बाळगण्यासाठी परवाना लागतच नाही. व्हरमाँटने तो कधीच मागितला नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९०३ सालीच एका नगरपालिकेचा परवानगीचा नियम रद्द ठरवला होता. अलास्का २००३ मध्ये या वाटेने गेले, ॲरिझोना २०१० मध्ये, आमचे टेक्सास १ सप्टेंबर २०२१ रोजी, फ्लोरिडा १ जुलै २०२३ रोजी, आणि २०२४ मध्ये साऊथ कॅरोलायना व लुइझियाना यांची भर पडून ही संख्या २९ झाली. दुसऱ्या गटात परवाना आवश्यक आहे, पण अटी पूर्ण करणाऱ्याला तो नाकारता येत नाही. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, इलिनॉय ही त्यातली राज्ये. तिसऱ्या गटात न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई ही सहा राज्ये व राजधानीचा प्रदेश होता. तेथे अर्जदाराला पिस्तुलाची खास गरज दाखवावी लागे आणि ती पटली की नाही हे अधिकारी ठरवीत असे. न्यूयॉर्कमधला हा प्रकार १९११ च्या सलिव्हन कायद्यापासूनचा.

‘होता’ असे लिहिले, कारण २३ जून २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा मताधिक्याने अधिकाऱ्याची ही मर्जी काढून घेतली. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेऊन घराबाहेर पडणे हा दुसऱ्या घटनादुरुस्तीने दिलेला हक्क आहे, आणि हक्क बजावण्यासाठी ‘मला इतरांपेक्षा अधिक गरज आहे’ असे कोणी सिद्ध करत बसत नाही, असा न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांच्या निकालपत्राचा गाभा आहे. परवानापद्धत मात्र न्यायालयाने रद्द केली नाही. प्रशिक्षण, बोटांचे ठसे आणि पूर्वेतिहासाची तपासणी या वस्तुनिष्ठ अटी चालतील असेच त्यात म्हटले आहे.

त्यानंतर जे घडले ते मला या विषयातले सर्वांत रंजक वाटते. आधी भांडण ‘कोणाला’ यावर होते, ते आता ‘कुठे’ यावर आले. निकालानंतर आठवडाभरात, १ जुलै २०२२ रोजी, न्यूयॉर्कने नवा कायदा केला. परवाना आता मिळतो, पण १६ तास वर्गात आणि २ तास प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव असे १८ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. त्याखेरीज उद्याने, ग्रंथालये, भुयारी रेल्वे, दारू मिळणारी उपाहारगृहे, टाइम्स स्क्वेअर अशी ‘संवेदनशील ठिकाणांची’ भलीमोठी यादी आहे, आणि तेथे परवाना असूनही पिस्तूल नेता येत नाही. न्यू जर्सीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आणि कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२४ पासून अशाच याद्या लागू केल्या. हवाईने यासोबत आणखी एक पाऊल टाकले. दुकान, उपाहारगृह अशा खासगी मालकीच्या जागी मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय पिस्तूल नेता येणार नाही, असा नियम तेथे झाला. टेक्सासमध्ये नेमके उलटे आहे: मालकाने मनाई केली नसेल तर परवानगी आहे असे धरले जाते. हवाईच्या त्या नियमाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीसाठी स्वीकारले.

आता टेक्सासविषयी, कारण ‘परवाना लागत नाही’ या तीन शब्दांवर तेथे अनेकांची फसगत होते. परवान्याची अट गेली, पण मनाईच्या जागा गेल्या नाहीत. पूर्वी परवाना काढण्यासाठी काही तास वर्गात बसावे लागे आणि तेथील शिक्षक मनाईच्या जागा निदान एकदा तरी वाचून दाखवी. आता ते सगळे स्वतः माहीत करून घेण्याची जबाबदारी माणसावर आली. दुकानांच्या दारांवर ३०.०५, ३०.०६ आणि ३०.०७ अशा क्रमांकांच्या पाट्या असतात. पहिली विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी, दुसरी परवानाधारकाने लपवून बाळगण्यास मनाई करणारी, आणि तिसरी परवानाधारकाने उघड बाळगण्यास मनाई करणारी. शेवटच्या दोन पाट्यांवरचा मजकूर इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावा लागतो. म्हणजे एकाच दारातून आत जाणाऱ्या दोघांना, खिशातल्या परवान्यानुसार, वेगवेगळी पाटी लागू होते. शिवाय ज्या ठिकाणी ५१ टक्के किंवा अधिक उत्पन्न जागेवरच प्यायल्या जाणाऱ्या मद्याचे असते तेथे तांबडी ५१ ची पाटी असते, आणि ती सर्वांना बंधनकारक असते.

न्यू जर्सीत माझा टेक्सासचा परवाना शून्य किमतीचा आहे. ते राज्य कोणत्याही परराज्याचा परवाना मानत नाही. नवा काढण्यासाठी स्थानिक पोलिसांकडे अर्ज, नात्यात नसलेल्या किमान चार व्यक्तींची हमी, नेमबाजीची पात्रता चाचणी आणि २०० डॉलर शुल्क. एवढे करून मुदत दोनच वर्षे. टेक्सासचा परवाना ४० डॉलरमध्ये पाच वर्षांसाठी मिळतो. दहापेक्षा अधिक गोळ्यांचे मॅगझिन (पिस्तुलात बसवायची गोळ्यांची पेटी) न्यू जर्सीत चालत नाही, त्यामुळे माझ्या पिस्तुलासोबत आलेली दोन्ही मॅगझिन येथेच मागे ठेवावी लागतील. टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या घरात ठेवता येतात, पण बाहेर अंगावर बाळगण्याबाबत तेथे फार कडक नियम आहेत. नव्याने राहायला येणाऱ्याने बाहेरून आणलेल्या शस्त्राची नोंदणी ६० दिवसांत करावी, असाही २०२२ चा नियम आहे.

वाटेत आर्कान्सा, टेनेसी, व्हर्जिनिया, मेरीलँड अशी बरीच राज्ये लागतील. त्या प्रवासाबद्दल कोणाचा अनुभव असल्यास वाचायला आवडेल.


नदीपल्याड

मी पेनसिल्व्हेनियात, डेलावेअर नदीच्या अलीकडच्या काठावर राहतो, आणि नोकरीसाठी रोज पूल ओलांडून तुमच्या नव्या राज्यात जातो. आमच्याकडे परवाना काउंटीचा (जिल्ह्याचा) शेरीफ हा अधिकारी देतो, शुल्क २० डॉलरच्या आसपास आहे आणि प्रशिक्षणाची अट नाही. पुलाच्या पलीकडे त्याच परवान्याला कागदाच्या चिटोऱ्याइतकीही किंमत नाही.

याचे उदाहरण येथे सर्वांना तोंडपाठ आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक तरुण आई अटलांटिक काउंटीत वाहतूक पोलिसांनी थांबवल्यावर आपण होऊन म्हणाली, की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा त्याचा परवाना. परवाना पेनसिल्व्हेनियाचा होता. न्यू जर्सीत विनापरवाना पिस्तूल बाळगणे हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा असून शिक्षा पाच ते दहा वर्षांची असते, आणि त्यातले किमान ४२ महिने पॅरोलविना काढावे लागतात. आधीचा कोणताही गुन्हा नावावर नसलेल्या त्या बाईवर ही तलवार वर्षभर टांगलेली होती. पुढे सरकारी वकिलांनी तिला तुरुंगाऐवजी सुधारणा कार्यक्रमात घेतले आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी तिला माफी दिली. पण माफी ही कृपा असते, तिच्यावर प्रवासाचा बेत आखता येत नाही.

तुमच्या प्रवासासाठी १९८६ च्या फेडरल कायद्यातील सुरक्षित मार्गाची तरतूद उपयोगी आहे, मात्र ती नीट वाचा. जेथून निघालात आणि जेथे पोहोचणार आहात, त्या दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणे तुमच्यासाठी कायदेशीर असायला हवे. पिस्तूल रिकामे हवे, आणि ते व गोळ्या बसल्या जागेवरून हाताला लागतील अशा ठिकाणी नकोत. गाडीला स्वतंत्र डिकी नसेल तर कुलूपबंद पेटी हवी, आणि समोरचा कप्पा किंवा दोन आसनांमधला कप्पा त्यासाठी चालत नाही. तुमची मोठी मॅगझिन न्यू जर्सीत बेकायदा असल्याने त्यांना या तरतुदीचे संरक्षण मिळणार नाही, हे तुम्ही ओळखलेच आहे.

ही तरतूद किती ठिसूळ आहे ते २००५ साली नेवार्क विमानतळावर दिसले. यूटाचा एक प्रवासी पेनसिल्व्हेनियाला निघाला होता आणि त्याचे पुढचे विमान चुकले. चेक-इन केलेली बॅग त्याच्या ताब्यात आली आणि रात्र त्याने विमानतळाजवळच्या हॉटेलात काढली. दुसऱ्या दिवशी बॅग पुन्हा जमा करताना त्याने नियमाप्रमाणे आत पिस्तूल असल्याचे सांगितले आणि त्याला अटक झाली. फेडरल अपील न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला, की हॉटेलात रात्रभर बॅग त्याच्या हाताशी होती, त्यामुळे संरक्षण तुटले. आपण होऊन खरे सांगणारी माणसेच या दोन्ही गोष्टींत अडकली, हे मला फार विचित्र वाटते.


नवखा प्रवासी

लेख माहितीपूर्ण आहे. मी ओहायोत एच-१बी (तात्पुरत्या नोकरीच्या) व्हिसावर आहे. जून २०२२ पासून येथे परवाना लागत नाही असे सहकारी सांगतात, आणि शनिवारी त्यांच्यासोबत शूटिंग रेंजवर येण्याचा आग्रह करतात. तेथे पिस्तूल भाड्याने मिळते. विकत घ्यायचे नसेल तर जाण्यास हरकत नसावी ना?


उलटतपासणी

हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. धागाकर्त्यांनी राज्यांची तुलना चांगली केली, परंतु या संकेतस्थळावरच्या निम्म्याहून अधिक वाचकांच्या बाबतीत प्रश्न राज्यापर्यंत पोहोचतच नाही. फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट (कायम वास्तव्यासाठी नसलेल्या) व्हिसावर प्रवेश केलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवण्यास मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सर्व त्यात येतात. ‘जवळ ठेवणे’ याचा अर्थ मालकी असा नाही. रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल पाच मिनिटे हातात धरले तरी तो ताबाच असतो. २०२२ च्या सुधारणेनंतर या गुन्ह्याला कमाल १५ वर्षांची शिक्षा आहे. शस्त्रासंबंधीचा गुन्हा सिद्ध झाल्यास देशाबाहेर काढले जाण्याचे ते स्वतंत्र कारण ठरते, ते वेगळेच.

हे पुस्तकी भय नव्हे. विद्यार्थी व्हिसावर आलेला एक परदेशी तरुण नापास झाल्याने त्याचा दर्जा संपला होता. त्यानंतर तो फ्लोरिडात शूटिंग रेंजवर गेला आणि तेवढ्यावरून त्याच्यावर खटला झाला. तो खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये न्यायालयाने म्हटले, की आपण मनाई असलेल्या वर्गात मोडतो हे आरोपीला ठाऊक होते, असे सरकारला सिद्ध करावे लागेल. आता हा प्रतिसाद वाचल्यानंतर तुम्हाला ते ठाऊक झाले आहे.

कायद्यात अपवाद आहेत, आणि त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना असणे. त्या आधारे काही जण रीतसर रेंजवर जातात, बंदूक विकतही घेतात. परंतु तो मार्ग घ्यायचा असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे मोजून विचारा. सहकाऱ्यांचे ऐकून जाऊ नका.

ग्रीन कार्डधारकाला ही मनाई नाही. मात्र ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत असणे म्हणजे ग्रीन कार्ड असणे नव्हे, आणि आपल्या लोकांची ती रांग किती लांब आहे हे मी सांगायला नको. आणखी एक प्रसंग वारंवार येतो: पत्नी नागरिक आणि पती एच-१बीवर, घरात पत्नीचे पिस्तूल. पतीला ते केव्हाही हाती घेता येत असेल तर त्याचाही ताबा होता असे सरकारला म्हणता येते. तिजोरी असावी, आणि तिची किल्ली किंवा आकडा फक्त पात्र व्यक्तीकडेच असावा.


पिंपळपार

उलटतपासणी, आभार. हा मुद्दा मी पहिल्याच परिच्छेदात लिहायला हवा होता. मी नागरिक झाल्यावर पिस्तूल घेतले, म्हणून तो माझ्या डोळ्यांआड राहिला.


सरोवरकाठ

शिकागोच्या उपनगरातून लिहितो. इलिनॉयचा इतिहास तुलनेत घेण्याजोगा आहे, कारण पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा देणारे पन्नासांतले ते शेवटचे राज्य. तेथेही विधिमंडळाने ती स्वखुशीने दिली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सातव्या सर्किटच्या (इलिनॉय ज्या विभागात येते त्याच्या) फेडरल अपील न्यायालयाने सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली आणि कायदा करण्यासाठी १८० दिवस दिले, तेव्हा २०१३ चा कायदा झाला. तो करताना मात्र राज्याने हात आखडता घेतला नाही, की घेतला म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. १६ तासांचे प्रशिक्षण, १५० डॉलर शुल्क, पाच वर्षांची मुदत. आणि त्याआधी, शस्त्र नुसते घरात ठेवायचे असले तरी, १९६८ पासून चालत आलेले शस्त्रधारकाचे ओळखपत्र लागतेच. शहरातील सार्वजनिक बस आणि रेल्वेत परवानाधारकालाही पिस्तूल नेता येत नाही, त्यामुळे गाडी नसलेल्या माणसाचा परवाना बहुतांशी घरीच राहतो.

आमच्या घरापासून दीड तासात इंडियाना आणि त्यापुढे तासाभरात मिशिगन लागते. इंडियानात १ जुलै २०२२ पासून परवाना लागत नाही आणि वयाची अट १८ आहे. शेजारच्या ओहायोतही परवाना नको, पण वय २१ हवे. मिशिगनमध्ये परवाना हवाच, आणि परराज्यातील व्यक्तीचा परवाना तिच्या स्वतःच्या निवासाच्या राज्याने दिलेला असेल तरच तो मानला जातो. म्हणजे यूटा किंवा फ्लोरिडाचा अनिवासी परवाना काढून अनेक राज्ये पदरात पाडून घेण्याची जी युक्ती लोक सुचवतात, ती मिशिगनच्या सीमेवर संपते. (व्हरमाँटच्या रहिवाशांची तर गंमतच आहे. त्यांचे राज्य परवाना मागत नाही आणि देतही नाही, त्यामुळे बाहेर दाखवायला त्यांच्याकडे काहीच नसते.)

पोलिसांनी थांबवल्यावर काय बोलायचे यातही फरक आहे. मिशिगन आणि नॉर्थ कॅरोलायनात आपल्याजवळ पिस्तूल आहे हे आपण होऊन ताबडतोब सांगावे लागते. ओहायोने तशी सक्ती २०२२ मध्ये काढली. आता विचारल्यास खरे सांगायचे. मी प्रत्येक ठिकाणी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून आधी सांगतो. त्वचेचा रंग पाहता तेच शहाणपणाचे, हे माझे मत आहे. कायद्याचा भाग नव्हे.


डोंगरवाट

मी ॲरिझोनात राहतो आणि धागाकर्त्यांच्या एका वाक्याशी असहमत आहे. परवाना गेल्यामुळे माणसावर जबाबदारी आली, असे म्हणताना परवाना कोणाला परवडतो हेही पाहावे. न्यूयॉर्क शहरात अर्जाचेच शुल्क ३४० डॉलर आहे, ठशांचे वेगळे, प्रशिक्षणाचे त्याहून वेगळे, आणि रजा काढून मारलेल्या खेपांचा तर हिशेबच नाही. रात्रपाळी करून एकटीने घरी परतणाऱ्या बाईला हक्क आहे, पण तो विकत घ्यायला पैसे नाहीत, अशी स्थिती होते. ब्रुएनच्या निकालपत्रातील एका तळटिपेतही अवाजवी शुल्क किंवा अतिविलंब यांना आव्हान देता येईल असे सूचित केले आहे. आमच्याकडे २०१० पासून परवान्याची सक्ती नाही आणि रोजच्या व्यवहारात त्यावाचून कोणाचे अडलेले मी पाहिले नाही.


उलटतपासणी

शुल्काचा मुद्दा मान्य आहे, पण अडते ते अशा ठिकाणी की जे रोजच्या व्यवहारात दिसत नाही. शाळेच्या आवारापासून १,००० फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यास फेडरल कायद्याने मनाई आहे. १९९० चा मूळ कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रद्द केला, पण काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, १९९६ मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा आणला. त्यातली मुख्य सूट त्या शाळेच्या राज्याने परवाना दिलेल्या व्यक्तीला आहे. ॲरिझोनात विनापरवाना पिस्तूल लावून तुम्ही शाळेसमोरच्या रस्त्याने गेलात तर राज्याचा कायदा मोडला जात नाही, पण फेडरल कायदा मोडला जातो. आणि १,००० फुटांचे वर्तुळ प्रत्येक शाळेभोवती काढले तर गावात मोकळी जागा किती उरते ते नकाशावर पाहावे. नुसत्या या गुन्ह्यासाठी एखाद्या सरळमार्गी माणसाला पकडल्याचे क्वचितच ऐकू येते, हे खरे. तरीही २९ राज्यांपैकी बहुतेकांनी ऐच्छिक परवाना चालू ठेवला आहे. परस्परमान्यतेसाठीही तोच लागतो.

टपाल कचेरीतही, अगदी तिच्या वाहनतळावरही, फेडरल नियमाने मनाई आहे. राष्ट्रीय उद्यानात २०१० पासून त्या त्या राज्याचा कायदा चालतो, पण तेथील माहिती केंद्राच्या इमारतीत पुन्हा मनाई. आणि वैद्यकीय कारणासाठी का होईना, गांजा वापरणारी व्यक्ती, राज्याने तो कायदेशीर केला असला तरी, फेडरल कायद्याच्या दृष्टीने शस्त्रास अपात्र ठरू शकते.


नदीपल्याड

विमानतळाचेही लिहून ठेवतो. २०२३ मध्ये देशभरच्या तपासणी नाक्यांवर हातातल्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यातल्या बहुतांश भरलेल्या होत्या. जवळजवळ प्रत्येकाचे उत्तर एकच असते: विसरलो. रेंजवर नेलेली बॅग पुढे भारताच्या प्रवासासाठी वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती. तळाशी राहिलेले एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडले, तर तेथे १९५९ चा शस्त्र कायदा लागतो. ते बॅगेत आहे हे माहीतच नव्हते, असा बचाव भारतीय न्यायालये ऐकतात, पण तो ऐकवण्यासाठी आधी वकील करावा लागतो आणि परतीचे विमान तोवर निघून जाते.


तुळशीवृंदावन

थोडा वेगळा, पण विषयातलाच प्रश्न. आम्ही टेक्सासमध्येच आहोत. आमच्या मंडळाचा दसरा दरवर्षी भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात होतो, आणि शस्त्रपूजनाच्या पाटावर ज्याने त्याने आपापली अवजारे ठेवावीत अशी प्रथा आहे. या वर्षी एका सदस्याने आपले पिस्तूल, अर्थात रिकामे, पूजेत ठेवण्याची इच्छा बोलून दाखवली आहे. कार्यक्रम रविवारी असतो आणि शाळेला सुट्टी असते. त्याच्याकडे परवानाही आहे. ठेवता येईल का?


पिंपळपार

ठेवता येणार नाही. शाळेची इमारत रविवारीही शाळेचीच इमारत असते. फेडरल कायद्यातून त्या सदस्याला परवान्यामुळे सूट मिळेल, परंतु टेक्सासच्या दंडसंहितेत शाळेच्या इमारतीत शस्त्र नेण्याला शाळेची लेखी परवानगी नसेल तर मनाई आहे, आणि परवानाधारकही त्यातून सुटत नाही. पिस्तूल रिकामे असल्यानेही फरक पडत नाही. शाळा तशी परवानगी देईल असे मला वाटत नाही, आणि मागायला गेलात तर पुढच्या वर्षी सभागृह मिळेल का, याचीही शंका आहे. देवळात कार्यक्रम असता तर गोष्ट निराळी झाली असती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रार्थनास्थळांत परवानाधारकाला, विश्वस्तांनी मनाईची सूचना लावली नसेल तर, पिस्तूल नेता येते. तरी विश्वस्तांना आधी विचारावे.

आणि उलटतपासणींचा प्रतिसाद आठवा. पाटावर ठेवलेल्या पिस्तुलाला हळदकुंकू लावायला रांगेत उभे राहणाऱ्यांपैकी किती जण एच-१बीवर असतील ते मोजून पाहा. नुसत्या कुंकवाच्या बोटाने ताबा सिद्ध होईल असे नाही, पण कोणीतरी कौतुकाने ते उचलून फोटो काढणारच, आणि तो फोटो पुढे मंडळाच्या पानावर जाणारच.

आमच्या घरी गेल्या वर्षी पाटावर विळी, स्क्रूड्रायव्हरचा संच, मुलीचे व्हायोलिन आणि माझा लॅपटॉप होता. तिजोरीला हार घातला होता, बाहेरून.